एडीओएमडी डॉट नेट : क्यूबचे उत्तर नीट सांभाळणारी, प्रश्न मात्र आपल्यावर सोडणारी लायब्ररी

डेटा वेअरहाऊसमधल्या बहुमितीय क्यूबला, म्हणजे वर्ष, उत्पादन, विभाग अशा अनेक बाजूंनी आकडे पाहता येतील असे मांडलेल्या साठ्याला, आपल्या स्वतःच्या प्रोग्रॅममधून प्रश्न विचारायचा असेल, आणि तो क्यूब मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर अ‍ॅनालिसिस सर्व्हिसेसवर उभा असेल, तर डॉट नेटवर काम करणारा प्रोग्रॅमर शेवटी एडीओएमडी डॉट नेट या लायब्ररीपाशीच येतो. जिथे एक्सेलचे पिव्होट टेबल किंवा एखादे तयार रिपोर्टिंग साधन पुरेसे असते तिथे तिची गरज भासत नाही. परंतु स्वतःचा डॅशबोर्ड बांधायचा असेल, परवानग्यांची व्यवस्था आपल्या पद्धतीने लावायची असेल किंवा दुसऱ्या एखाद्या अ‍ॅप्लिकेशनच्या आतच विश्लेषण बसवायचे असेल, तर तिच्यावाचून पुढे जाता येत नाही. दीर्घ वापरानंतर या लायब्ररीबद्दल माझे मत असे बनले आहे की क्यूबने दिलेले उत्तर त्याच्या सर्व मितींसह प्रोग्रॅमरच्या हाती देण्याचे काम ती फार उत्तम करते, आणि प्रश्न तयार करण्याच्या कामात मात्र जवळजवळ काहीच मदत करत नाही.

तिची घडण समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. 'ओलॅप' (ऑनलाइन अ‍ॅनालिटिकल प्रोसेसिंग, म्हणजे साठवलेल्या माहितीचे अनेक मितींतून केलेले विश्लेषण) ही संज्ञा एडगर कॉड यांनी १९९३ मध्ये रूढ केली. मायक्रोसॉफ्टने १९९६ मध्ये पॅनोरामा या कंपनीचे ओलॅप तंत्रज्ञान विकत घेतले आणि १९९८ मध्ये एसक्यूएल सर्व्हर ७.० सोबत ते 'ओलॅप सर्व्हिसेस' या नावाने बाजारात आणले. एमडीएक्स ही प्रश्नभाषा याच काळात 'ओएलई डीबी फॉर ओलॅप' या इंटरफेसबरोबर पुढे आली. त्यानंतर २००१ मध्ये 'एक्सएमएल फॉर अ‍ॅनालिसिस', म्हणजे एक्सएमएलए, हा प्रोटोकॉल आला, आणि एसक्यूएल सर्व्हर २००५ पासून अ‍ॅनालिसिस सर्व्हिसेसची मूळ भाषाच तो झाला. या प्रोटोकॉलमध्ये आज्ञा दोनच आहेत: डिस्कव्हर आणि एक्झिक्यूट. पहिली सर्व्हरला विचारते की तुझ्याकडे काय काय आहे, आणि दुसरी सांगते की एवढे काढून दे. एडीओएमडी डॉट नेटचा बहुतेक सगळा पसारा या दोन आज्ञांभोवती रचलेला आहे, आणि लायब्ररीचा कोणता भाग कोणत्या आज्ञेवर बसला आहे हे एकदा ध्यानात आले की तिचे दस्तऐवज वाचणे बरेच सोपे होते.

लायब्ररीचा गाभा म्हणजे सेलसेट हा वर्ग. एडीओ डॉट नेट, म्हणजे नेहमीच्या डेटाबेसशी बोलणारी डॉट नेटची लायब्ररी, ज्याला परिचित आहे त्याला कनेक्शन, कमांड, रीडर ही नावे ओळखीची वाटतात आणि तो सहजपणे रीडर उचलतो. माझ्या मते पहिली भेट सेलसेटशी व्हायला हवी, कारण बहुमितीय उत्तर म्हणजे नेमके काय असते हे तिथेच कळते. समजा, आपण आडव्या अक्षावर विक्रीची रक्कम आणि नगसंख्या ही दोन मेझर, म्हणजे मोजायच्या राशी, ठेवली, उभ्या अक्षावर चार उत्पादनवर्ग आणि तीन वर्षे यांचा क्रॉसजॉइन, म्हणजे प्रत्येकाची प्रत्येकाशी जोडी, ठेवला, आणि उभ्या अक्षापुढे 'नॉन एम्प्टी' (रिकामे ते गाळा) लिहिले. एका वर्गाची विक्री पहिल्या वर्षी झालीच नसेल, तर बाराऐवजी अकरा ओळी परत येतात. सेलसेटमध्ये हे उत्तर ओळींची एक यादी म्हणून येत नाही. ते दोन अक्ष आणि बावीस सेल अशा रूपात येते. प्रत्येक अक्षावर पोझिशन असतात, प्रत्येक पोझिशनमध्ये जितक्या हायरार्की (वर्ष, महिना, दिवस अशा पायऱ्यांच्या, म्हणजे लेव्हलच्या, उतरंडी) गुंफल्या असतील तितके मेंबर (त्या उतरंडीतल्या एकेक नोंदी) असतात, आणि सेल मात्र वेगळ्याच संग्रहात एका सरळ क्रमाने मांडलेले असतात. क्रमांक शून्यापासून मोजले, तर चार क्रमांकाच्या ओळीतला एक क्रमांकाच्या स्तंभाचा सेल चार गुणिले दोन अधिक एक, म्हणजे नऊ क्रमांकाच्या स्थानी सापडतो. हा हिशेब स्वतः करण्याची गरज नाही, कारण स्तंभ आणि ओळ यांचे क्रमांक देऊन थेट सेल मागता येतो. पण अक्ष दोनाहून अधिक झाले, किंवा एकही अक्ष नसला, की हाच हिशेब उपयोगी पडतो. एमडीएक्समध्ये तब्बल १२८ अक्षांची सोय आहे. दोनापलीकडे जाणारा प्रोग्रॅम प्रत्यक्षात क्वचितच दिसतो, हा भाग वेगळा.

या रचनेचा फायदा पडद्यावर लगेच दिसतो. अक्षावरचा प्रत्येक मेंबर आपले नाव तर सांगतोच, शिवाय तो कोणत्या लेव्हलवर आहे, किती खोल आहे, त्याच्या आधीच्या मेंबरचा पालक आणि त्याचा पालक एकच आहे का, त्याच्या खालचा तपशील त्याच अक्षावर उघडलेला आहे का, हेही सांगतो. त्यामुळे अधिक-उणेची खूण असलेला, ओळी आत सरकवत जाणारा तक्ता रंगवायचा असेल तर त्यासाठी वेगळा प्रश्न पाठवावा लागत नाही. एसक्यूएलच्या सपाट उत्तरावरून असा तक्ता बांधण्याचा खटाटोप ज्याने केला असेल, त्याला या सोयीचे मोल वेगळे सांगायला नको. एसक्यूएलमध्येही 'रोलअप' आणि 'क्यूब' आहेत, परंतु तिथे बेरजेची ओळ ओळखण्यासाठी रिकाम्या जागांवर आणि 'ग्रुपिंग' फंक्शनवर विसंबावे लागते. इथे बेरीज हा स्वतःच एक मेंबर असतो आणि त्याला स्वतःची लेव्हल असते.

सेलचेही तसेच आहे. प्रत्येक सेलला एक मूळ मूल्य असते आणि एक सजवलेले मूल्य असते. नफ्याचे प्रमाण ०.१८३४ असेल आणि क्यूब बांधणाऱ्याने त्या मेझरला टक्केवारीचा साचा दिला असेल, तर दुसऱ्या गुणधर्मातून थेट १८.३४ टक्के असा मजकूर मिळतो, तोही कनेक्शनमध्ये नोंदवलेल्या भाषेच्या आणि प्रदेशाच्या रिवाजाप्रमाणे. क्रम लावण्यासाठी आणि आलेखासाठी मूळ मूल्य घ्यावे, दाखवण्यासाठी सजवलेले घ्यावे. दोन्ही एकाच फेरीत येतात. सजवलेल्या मूल्यावर क्रम लावणारे डॅशबोर्ड मी पुष्कळ पाहिले आहेत, आणि त्यांत दहा लाखांची ओळ नऊ हजारांच्या आधी आलेली पाहून ग्राहक पहिल्याच दिवशी फोन करतो.

दोन बारकावे मात्र आधीच माहीत असलेले बरे. पहिला असा की एखाद्या सेलचे गणित सर्व्हरवर फसले, तर संपूर्ण प्रश्न फसत नाही; उत्तर व्यवस्थित येते, आणि त्या विशिष्ट सेलचे मूल्य मागितल्या क्षणी एक्सेप्शन उठते. तक्ता रंगवणाऱ्या लूपमध्ये प्रत्येक सेलसाठी स्वतंत्र बंदोबस्त केलेला नसेल, तर एका सेलपायी सगळा तक्ता गळून पडतो. दुसरा असा की शून्याने भागाकार झाल्यास बहुधा चूक येतच नाही, अनंताचे चिन्ह वाहणारी संख्या येते आणि ती पडद्यावर विचित्र मजकूर म्हणून उमटते. याचा इलाज क्यूबमध्ये, म्हणजे सूत्रातच, करणे योग्य. पण क्यूब दुसऱ्या चमूच्या ताब्यात असतो आणि डॅशबोर्ड आपला असतो, त्यामुळे व्यवहारात हा बंदोबस्त दोन्हीकडे करावा लागतो.

सेलसेटचा दोष म्हणजे वजन. सगळे उत्तर, त्यातल्या प्रत्येक मेंबरच्या माहितीसह, तो मेमरीत घेऊन बसतो. काही शे ओळींच्या तक्त्याला याचे काहीच वाटत नाही. लाखभर ओळी निर्यात करायच्या असतील तर तो मार्ग चुकीचा. तिथे रीडर हवा. रीडर उत्तर एकेक ओळ पुढे सरकवत वाचतो, मागे फिरत नाही, आणि वाचन संपेपर्यंत कनेक्शन अडवून ठेवतो. परंतु बहुमितीय उत्तराची सपाट ओळ कशी होते याचे नियम ठरलेले आहेत, आणि ते पहिल्या वाचनात कुणाच्याही अपेक्षेप्रमाणे नसतात. उभ्या अक्षावरच्या हायरार्कीच्या प्रत्येक लेव्हलला एक स्तंभ मिळतो, मात्र सर्वांत वरच्या 'ऑल' लेव्हलला मिळत नाही. परिणामी एकूण बेरजेच्या ओळीत लेव्हलचे सगळे स्तंभ रिकामे दिसतात, आणि ही ओळ बेरजेची आहे की माहितीच्या अभावाची, हे नुसत्या ओळीवरून कळत नाही. आडव्या अक्षावरचा प्रत्येक ट्यूपल, म्हणजे मेंबरांची एक जुळणी, हा एक स्तंभ बनतो, आणि स्तंभाचे नाव म्हणजे त्या ट्यूपलमधल्या मेंबरांची चौकोनी कंसातली पूर्ण नावे एकापुढे एक जोडलेली लांबलचक पट्टी असते.

याच ठिकाणी एक खड्डा आहे. आडव्या अक्षावर मेझरऐवजी महिने ठेवले आणि त्यापुढे 'नॉन एम्प्टी' लिहिले, तर किती स्तंभ येणार हे त्या दिवशीच्या माहितीवर ठरते. चालू महिन्याची पहिली नोंद वेअरहाऊसमध्ये चढली की एक स्तंभ वाढतो, आणि स्तंभांच्या क्रमांकावर विसंबून लिहिलेला कोड शांतपणे चुकीच्या खान्यातून आकडे उचलू लागतो. म्हणून रीडर वापरताना आडव्या अक्षावर फक्त मेझर ठेवावीत आणि बाकी सगळे उभ्या अक्षावर न्यावे, हा नियम मी अपवाद न करता पाळतो. सेलसेट आणि रीडर यांच्याखेरीज उत्तर कच्च्या एक्सएमएलच्या रूपातही मागता येते. त्याचा एक अनपेक्षित उपयोग पुढे सांगतो.

मेटाडेटाच्या बाबतीत मी या लायब्ररीला पैकीच्या पैकी गुण देईन, एक-दोन तक्रारी वगळता. कनेक्शन उघडले की त्यावरून क्यूब, क्यूबवरून डायमेन्शन (मिती), मेझर, केपीआय (कामगिरीचे निर्देशक) आणि नामांकित सेट, डायमेन्शनवरून हायरार्की, हायरार्कीवरून लेव्हल आणि लेव्हलवरून मेंबर असा उतरत जाणारा मार्ग अगदी सरळ आहे. डाव्या बाजूला फील्डची यादी आणि उजवीकडे तक्ता असा पडदा बांधायचा असेल, तर यादीचा भाग एका दुपारी उभा राहतो. लेव्हलकडून मेंबर मागताना सगळे एकदम न मागता ठरावीक स्थानापासून ठरावीक संख्येने मागण्याची आणि चाळणी लावण्याची सोय आहे, आणि ग्राहकांसारख्या मोठ्या डायमेन्शनसाठी ती वापरलीच पाहिजे. क्यूबच्या संग्रहात प्रत्यक्ष क्यूबबरोबर डायमेन्शनांचे अंतर्गत क्यूबही येऊ शकतात. त्यांचा प्रकार तपासून ते गाळावेत, नाहीतर वापरकर्त्याला डॉलरच्या चिन्हाने सुरू होणारी अनोळखी नावे दिसतात. मेंबरच्या मुलांची जी संख्या लायब्ररी सांगते ती अंदाजे असते, हेही विसरू नये: खूण दाखवावी की नाही एवढे ठरवण्यापुरती ती ठीक आहे, पडद्यावर छापण्यासाठी नाही. क्यूबची माहिती शेवटची केव्हा ताजी झाली हे मात्र खात्रीने मिळते, आणि प्रत्येक डॅशबोर्डच्या कोपऱ्यात ती वेळ छापलेली असावी असे माझे आग्रहाचे मत आहे. आकडे जुळत नाहीत म्हणून येणाऱ्या निम्म्याअधिक तक्रारींचे उत्तर त्या एका ओळीत असते.

ज्यांना वर्गांची ही उतरंड नको असेल त्यांच्यासाठी आणखी एक वाट आहे. सर्व्हरच्या अंतर्गत तक्त्यांना एसक्यूएलसारख्या साध्या वाक्यात, त्याच कमांडमधून, प्रश्न विचारता येतो, आणि सर्व मेझरांची सूत्रे, चालू सत्रे किंवा मेमरीचा वापर अशी माहिती ओळींच्या रूपात मिळते. जोड, म्हणजे जॉइन, मात्र तिथे चालत नाही.

आता मूळ उणिवेकडे. प्रश्न पाठवायचा म्हणजे एमडीएक्सचा मजकूर कमांडला द्यायचा, एवढेच ही लायब्ररी जाणते. प्रश्नाची रचना वस्तूंच्या रूपात उभी करावी, अक्षावर हायरार्की ठेवावी, एखादा मेंबर उघडावा, चाळणी लावावी आणि शेवटी मजकूर तिच्याकडूनच तयार करून घ्यावा, अशी कोणतीही सोय तिच्यात नाही. मेटाडेटाची इतकी देखणी उतरंड हाताशी असताना प्रश्न मात्र अक्षरे जोडजोडून लिहावा लागतो, ही विसंगती पहिल्या दिवसापासून खटकते आणि पुढेही खटकत राहते. प्रत्येक चमू शेवटी स्वतःचा छोटासा एमडीएक्स-रचनाकार लिहितो, आणि त्या प्रत्येकात त्याच त्या चुका नव्याने सापडतात: मेंबरच्या नावात मिटणारा चौकोनी कंस असेल तर तो दुहेरी करायला विसरणे, किल्लीऐवजी नावाने मेंबर ओळखणे आणि नाव बदलताच साठवलेले सगळे रिपोर्ट मोडणे, एकाच हायरार्कीला दोन अक्षांवर ठेवून सर्व्हरची चूक ओढवून घेणे.

पॅरामीटर आहेत, पण ते एसक्यूएलच्या पॅरामीटरसारखे वागतील ही अपेक्षा ठेवू नये. पॅरामीटरमधून मजकूर किंवा संख्या जाते, मेंबर जात नाही. वापरकर्त्याने निवडलेले वर्ष प्रश्नात बसवायचे असेल तर पॅरामीटरचा मजकूर 'स्ट्र टू मेंबर' या फंक्शनमधून जावा लागतो, आणि अनेक मेंबर असतील तर 'स्ट्र टू सेट' मधून. या दोन्ही फंक्शनांना 'कन्स्ट्रेन्ड' हा शब्द जोडता येतो. तो जोडला तर आत फक्त मेंबरांची सरळ नावे चालतात. जोडला नाही तर आत कोणतेही एमडीएक्स सूत्र चालते, आणि बाहेरून आलेला मजकूर थेट सर्व्हरवर धावतो. सुरक्षेच्या दृष्टीने हा एक शब्द वैकल्पिक मानूच नये. ज्या संघात कोडची परस्पर तपासणी होते तिथे या शब्दाचा अभाव हा बदल परत पाठवण्यास पुरेसे कारण समजावा.

लायब्ररीने प्रश्न बांधण्याची जबाबदारी घेतली असती तर आणखी एक कठीण गाठ तिला सोडवावी लागली असती. आज ती आपल्याला सोडवावी लागते. चाळणी लावण्याच्या एमडीएक्समध्ये दोन जागा आहेत. एक 'व्हेअर', दुसरी म्हणजे 'फ्रॉम'च्या आत लिहिलेला उपप्रश्न. दोन्हींनी बेरजा सारख्याच येतात, त्यामुळे नवख्याला त्या एकच वाटतात. परंतु 'व्हेअर'मध्ये ठेवलेला मेंबर हा त्या हायरार्कीचा चालू मेंबर बनतो आणि 'मागील वर्षाशी तुलना' यांसारखी सूत्रे त्याच्याकडे पाहूनच चालतात. उपप्रश्नातली चाळणी चालू मेंबर बदलत नाही, त्यामुळे तेच सूत्र 'ऑल' मेंबरवर उभे असल्यासारखे वागते आणि रकाना रिकामा येतो. मग सगळे 'व्हेअर'मध्येच ठेवावे म्हटले, तर वापरकर्ता एकाऐवजी दोन वर्षे निवडतो, चालू मेंबर एक राहत नाही, आणि सूत्र चूक फेकते. एक्सेल अनेक निवडींसाठी उपप्रश्नाचा मार्ग घेते. म्हणूनच एक्सेलमधला आणि आपल्या डॅशबोर्डमधला एकच आकडा कधीकधी वेगळा दिसतो. यात लायब्ररीचा दोष नाही. पण एमडीएक्सची ही बाजू न समजता केवळ वर्गांची ओळख करून घेऊन या लायब्ररीवर काम करता येईल असे कुणाला वाटत असेल, तर तो गैरसमज आधीच दूर व्हावा.

तात्पुरती सूत्रे 'विथ' या शब्दाखाली प्रश्नातच लिहिता येतात आणि ती मोहक सोय आहे. तिची किंमत अशी की प्रश्नापुरत्या सूत्रांचे निकाल सर्व्हर त्या प्रश्नापुरतेच लक्षात ठेवतो. तेच सूत्र क्यूबच्या स्क्रिप्टमध्ये असते तर एकाने काढलेला निकाल दुसऱ्याच्या कामी आला असता. म्हणून दररोज शेकडो वेळा उघडणाऱ्या पानावरचे सूत्र क्यूबमध्येच नेऊन ठेवावे. 'विथ' फक्त वापरकर्त्याने स्वतः रचलेल्या गणितासाठी राखावे.

या संदर्भात जावाच्या जगातल्या ओलॅप-फोर-जे या खुल्या लायब्ररीशी तुलना टाळता येत नाही. तिची १.० आवृत्ती २०११ मध्ये आली आणि ती मोंड्रियन या खुल्या ओलॅप सर्व्हरच्या कुळातली आहे. जेडीबीसी या जावाच्या डेटाबेस-जोडणीवर रचलेल्या या लायब्ररीतही सेलसेट, अक्ष आणि पोझिशन हीच मांडणी आहे, इतकी की एकीकडून दुसरीकडे जाणाऱ्याला फारसे नवे शिकावे लागत नाही. फरक प्रश्नाच्या बाजूचा आहे. तिच्यात एमडीएक्सचा पार्सर आहे, प्रश्नाचे झाड वस्तूंच्या रूपात बांधून त्याचा मजकूर काढता येतो, आणि त्याच्याही वर अक्षांवर निवडी ठेवण्याचे एक साधे प्रारूप आहे. सैकूसारखी ओढा-सोडा पद्धतीची विश्लेषण-साधने त्याच पायावर उभी राहिली. एक्सएमएलएमार्फत ती अ‍ॅनालिसिस सर्व्हिसेसशीही बोलू शकते, मात्र त्यासाठी आयआयएस या वेबसर्व्हरवर मायक्रोसॉफ्टचा एचटीटीपी पंप हा जोडभाग बसवावा लागतो. तिची वाढ गेल्या काही वर्षांत मंदावली आहे, त्यामुळे नव्या प्रकल्पासाठी मी ती निःशंकपणे सुचवणार नाही. परंतु एडीओएमडी डॉट नेटमध्ये काय असायला हवे होते हे पाहायचे असेल तर तिचे प्रश्न-प्रारूप अवश्य वाचावे.

कनेक्शनची हाताळणी हा मध्यम दर्जाचा भाग आहे. एडीओ डॉट नेटमध्ये कनेक्शन बंद केले की ते गुपचूप पूलमध्ये, म्हणजे पुन्हा वापरण्यासाठी राखून ठेवलेल्या कनेक्शनांच्या साठ्यात, जाते, आणि त्या सवयीने इथेही प्रत्येक विनंतीला कनेक्शन उघडून बंद करणारा कोड लिहिला जातो. इथे तशी आपोआप चालणारी पूल-व्यवस्था गृहीत धरू नये. उघडताना सर्व्हरवर सत्र तयार होते आणि मोठ्या क्यूबवर त्याला लागणारा वेळ जाणवतो. लायब्ररीने यावर दिलेला उपाय म्हणजे सत्र न संपवता कनेक्शन बंद करणे आणि पुढच्या वेळी तोच सत्र-क्रमांक देऊन ते उघडणे. उपाय चालतो, सत्र सर्व्हरने मध्येच संपवले असल्यास काय करायचे याचा विचार मात्र आपणच करावा लागतो. लांबलेला प्रश्न दुसऱ्या थ्रेडमधून रद्द करण्याची सोय आहे आणि ती विश्वासाने वापरता येते. वापरकर्त्याने पान सोडले तरी सर्व्हरवर प्रश्न चालूच राहतो, हे लक्षात घेऊन रद्द करण्याचे बटण पहिल्याच आवृत्तीत द्यावे.

परवानग्यांसाठी कनेक्शनच्या मजकुरात दोन महत्त्वाचे गुणधर्म आहेत. पहिल्याने आपले अ‍ॅप्लिकेशन दुसऱ्या वापरकर्त्याच्या नावाने क्यूबमध्ये शिरू शकते, परंतु त्यासाठी अ‍ॅप्लिकेशनच्या खात्याला सर्व्हरचे प्रशासक-अधिकार द्यावे लागतात, आणि हे ऐकताच कोणताही जागरूक प्रशासक हात आखडता घेतो. दुसऱ्याने आपण एखादा मजकूर, उदाहरणार्थ विभागाचा संकेतांक, सोबत पाठवतो, आणि क्यूबमधल्या रोलचे (परवानग्यांच्या गटाचे) सूत्र तो वाचून कोणते मेंबर दाखवायचे हे ठरवते. हा मार्ग हलका आहे, पण त्या रोलमध्ये फक्त अ‍ॅप्लिकेशनचे खाते असेल तरच सुरक्षित आहे. प्रत्यक्ष माणसे त्या रोलमध्ये असतील तर त्यांतला कुणीही एक्सेलमधून स्वतःच्या सोयीचा संकेतांक पाठवून दुसऱ्या विभागाचे आकडे पाहू शकतो.

२०१२ च्या आवृत्तीपासून अ‍ॅनालिसिस सर्व्हिसेसमध्ये टॅब्युलर, म्हणजे क्यूबऐवजी तक्त्यांवर आधारलेले, प्रारूप आले आणि त्याबरोबर डॅक्स ही भाषा आली. एडीओएमडी डॉट नेट दोन्हींशी बोलते, आणि ही तिची मोठी जमेची बाजू आहे. पॉवर बीआय या मायक्रोसॉफ्टच्या रिपोर्टिंग साधनाच्या एक्सएमएलए एंडपॉइंटशीही याच लायब्ररीतून जोडता येते. टॅब्युलर प्रारूपाला एमडीएक्समध्येही प्रश्न विचारता येतात. डॅक्सचे उत्तर मात्र मुळातच एक सपाट तक्ता असते, त्यामुळे सेलसेट तिथे निरुपयोगी ठरतो आणि रीडरच वापरावा लागतो. स्तंभांची नावे तिथे सुटसुटीत असतात, बेरजेच्या ओळी मागितल्या तरच येतात, आणि निर्यातीचे काम बरेच सुखाचे होते. क्लाउडमधल्या अझ्युर अ‍ॅनालिसिस सर्व्हिसेसने बहुमितीय प्रारूप घेतलेच नाही, फक्त टॅब्युलर घेतले. त्यावरून मायक्रोसॉफ्टचा कल कोणीकडे आहे हे उघड आहे. नवीन काम सुरू करणाऱ्याने त्यामुळे टॅब्युलरकडे जावे. ज्यांच्याकडे वर्षानुवर्षे जोपासलेला, लेखाशीर्षांच्या हायरार्की आणि स्क्रिप्टमधली सूत्रे असलेला बहुमितीय क्यूब आहे, त्यांनी घाईने तो मोडू नये. त्यासाठी ही लायब्ररी आजही भक्कम आहे. लायब्ररीतला डेटा मायनिंगचा कोपरा मात्र आता ओसाड झाला आहे. एसक्यूएल सर्व्हर २०२२ मध्ये ती सुविधाच बंद झाली असल्याने त्या वर्गांकडे नव्या माणसाने पाहूही नये.

लायब्ररी मोफत आहे आणि न्यूगेट या डॉट नेटच्या पॅकेज-भांडारावरून मिळते. सुरुवातीची कित्येक वर्षे ती जुन्या डॉट नेट फ्रेमवर्कपुरतीच होती, पुढे डॉट नेट कोअरसाठीही ती उपलब्ध झाली. जुन्या लेखांतली पॅकेजची नावे तशीच उचलण्याआधी आपला प्रकल्प कोणत्या बाजूचा आहे हे पाहावे. सर्व्हर अर्थातच परवान्याचा आहे, परंतु शिकण्यासाठी आणि विकासासाठी एसक्यूएल सर्व्हरची डेव्हलपर आवृत्ती विनामूल्य मिळते आणि 'अ‍ॅडव्हेंचर वर्क्स' हा नमुना-क्यूब सरावाला पुरेसा आहे.

कच्च्या एक्सएमएलच्या ज्या उपयोगाचा उल्लेख वर केला, तो चाचण्यांचा. कमांडकडून उत्तर एक्सएमएल म्हणून घेऊन फाइलमध्ये साठवता येते, आणि पुढे सर्व्हरशी काहीही संबंध न ठेवता त्या फाइलमधून पूर्ण सेलसेट पुन्हा उभा करता येतो. तक्ता रंगवणाऱ्या कोडच्या चाचण्या त्यामुळे क्यूबशिवाय, कुठल्याही संगणकावर, क्षणात चालतात. रिकाम्या सेलची एक फाइल, चूक असलेल्या सेलची एक, अनंत आलेल्या भागाकाराची एक, आणि एकही ओळ नसलेल्या उत्तराची एक अशा फाइल कोडसोबतच ठेवाव्यात. शेवटची फाइल विशेष महत्त्वाची आहे, कारण 'नॉन एम्प्टी'मुळे सगळ्या ओळी गळाल्या की उभा अक्ष उत्तरात असतो पण त्यावर एकही पोझिशन नसते, आणि पहिली पोझिशन मागणारी ओळ तिथेच कोसळते.